अक्काचा उजवा पाय

अक्काचा पाय पहिल्यांदा दुखला तेव्हा मी तिच्या मागे, सायकलच्या कॅरियरवर बसले होते. आमच्या गावाहून मंद्रूपला जाताना ओढा ओलांडला की चढ लागतो. त्या चढावर ती नेहमी सीटवरून उठायची आणि उभी राहून पायडल मारायची. मी मागे दप्तर छातीशी धरून तिच्या पाठीवर इकडून तिकडे हलणाऱ्या वेणीकडे बघत राहायची. त्या दिवशी ती उठली नाही. बसल्या बसल्या दोन-चार पायडलं मारली, ब्रेक दाबला आणि खाली उतरली. चप्पल काढून उजवा पाय तिनं डाव्या पोटरीवर घासला. "जळतंय ग सुली," ती म्हणाली, "तळव्यातनं कायतरी गरम वर चढतंय बघ." मी रस्त्याकडे बघितलं, पुढे अजून अर्धी वाट होती. मी म्हणाले, "शाळा भरंल की!" तिच्या दुखण्यावर मी बोललेलं हे पहिलं वाक्य. पुढे बोललेली बरीच वाक्यं मी विसरले आहे. हे विसरता येत नाही.

सायकल काळी, लेडीज. गावच्या शाळेतल्या बाईंची बदली झाली तेव्हा आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती त्यांच्याकडून घेतली होती. चेनचं कव्हर ढिलं होतं आणि प्रत्येक फेऱ्याला ते एकदा खडाड वाजायचं. अव्वा म्हणायची, "मारुतीच्या देवळापाशी आलात की मला हितं चुलीपाशी कळतंय." आईला आम्ही अव्वाच म्हणायचो. आमच्या भागात कानडी बोलीचे असे पुष्कळ शब्द घरोघरी नांदतात. अक्काचं नाव महानंदा. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दहावीनंतर तिची शाळा थांबली होती आणि ती मंद्रूपला शिवणक्लासला जायची. क्लास होताच, पण खरं कारण मी होते. गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती, आणि एकटी पोरगी रस्त्यानं जाणार नाही, हे अव्वानं एकदाच सांगून टाकलं होतं. अक्काचा क्लास चालू तर सायकल चालू, आणि सायकल चालू तर माझी शाळा चालू. हे गणित मला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं.

घर माळवदाचं, दोन खोल्यांचं. सकाळी जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. अव्वाचा हात जड होता. परातीत भाकरी फिरायची तसा थप थप, थप थप असा आवाज एका लयीत यायचा आणि मध्येच थांबला की समजायचं, भाकरी तव्यावर पडली. आदल्या दिवशीच्या उरलेल्या भाकऱ्या ती चुलीच्या कडेला उभ्या करून कडक करायची. डब्यात तीच कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दह्याची छोटी बाटली. चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लालभडक. आता मला सोलापुरात कोपऱ्यावरच्या दुकानात पुड्यात मिळते ती चटणी चांगलीच असते, पण पुडा उघडला की पहिल्यांदा आठवण येते ती दप्तरातल्या वह्यांच्या कडांना लागलेल्या तेलाची. गणिताच्या बाईंनी त्यावरून मला वर्गात उभं केलं होतं.

अक्काचं दुखणं त्या पावसाळ्यात रोजचं झालं. कधी तळवा जळायचा, कधी बोटांना मुंग्या यायच्या, कधी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं खाली वीज गेल्यासारखी कळ यायची. सायकल चालवताना जास्त. अव्वा म्हणाली, नवी चप्पल चावत असेल. आप्पा म्हणाले, वाढीचं वय हाय, शिरा ओढत्यात. अव्वानं मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवायला लावला, एरंडेल चोळलं, आणि झोपताना जुन्या लुगड्याची पट्टी बांधून दिली. अक्कानं आपल्या परीनं शोध लावले. पायडलवर बोटांऐवजी टाच ठेवून बघितली. सगळा जोर डाव्या पायावर घेऊन उजवा नुसता बरोबर फिरू दिला. पायडलला चिंध्या गुंडाळल्या. मंद्रूपच्या स्टँडपाशी सायकलींची कामं करणारे हुसेनचाचा होते, त्यांना विचारलं. त्यांनी तिला सायकलवर बसवलं, आपण हँडल धरून उभे राहिले आणि दोन फेरे मारून बघितलं. "सीट लई खाली हाय बेटा तुझी," ते म्हणाले, "गुडगा वर येतोय आन् तळव्यावर सगळा जोर पडतोय." त्यांनी सीट दोन बोटं वर घेतली, पायडलचं झिजलेलं रबर बदललं. आठ दिवस बरं वाटलं. मग पुन्हा जळायला लागलं.

आता माझं वय झालं आहे. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल चालवायला सांगितली, म्हणून मुलानं घेऊन दिलेल्या सायकलवर मी सकाळी जुळे सोलापुरातल्या कॉलन्यांमधून चकरा मारते. वीस मिनिटं झाली की माझ्या उजव्या पायाच्या बोटांखाली जळायला लागतं. सून म्हणते, बूट रुंद घ्या, बंद सैल बांधा, पायडलवर पाय थोडा मागे घ्या. सगळं करून बघितलं, आणि फरकही पडतो. पण तरी मी रोज एकदा थांबते. कुणाच्या तरी गेटपाशी कट्ट्यावर बसते, बूट-मोजा काढते आणि प्रत्येक बोट नखानं दाबून बघते. अंगठा, मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. एकदा एक वॉचमन विचारत होता, "मॅडम, काही हरवलं का?" मी नाही म्हणाले. पाचही बोटांना नख लागल्याचं कळलं की मोजा घालते आणि पुढे निघते.

तर अक्काचं दुखणं एके दिवशी थांबलं. गौरी-गणपतीच्या आसपासची गोष्ट. चढावर ती उठली, उभी राहून पायडल मारू लागली आणि वर पोचल्यावर ओरडली, "सुली, थांबलं की ग! कायबी दुकत न्हाय!" आम्ही दोघी इतक्या हसलो की सायकल बाभळीकडे गेली. घरी अव्वानं एरंडेलाला श्रेय दिलं. त्या आठवड्यात मी एकदाही शाळेला उशिरा पोचले नाही. मला आठवतं, मला वाटलं होतं, देव आहे.

मग चप्पल पडली. परतीच्या वाटेवर, भर उन्हात, तिच्या उजव्या पायातली चप्पल सुटून रस्त्यावर पडली आणि ती तशीच पायडल मारत राहिली. मला वाटलं थांबेल. ती काहीतरी बोलत होती, क्लासमधल्या बाईंची नक्कल करत होती. मी कॅरियरवरून उडी मारली, धावत जाऊन चप्पल आणली आणि तिला दाखवली. तिनं आपल्या पायाकडे बघितलं. त्या रस्त्यावर अनवाणी पाय ठेवला तर चटका बसतो, आणि तिचा उघडा तळवा उन्हात तापलेल्या पायडलवर होता. "कवा पडली ग?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "मगाशीच. तुला कळलं न्हाय?" ती म्हणाली, "बोलायच्या नादात."

दोन दिवसांनी आम्ही विहिरीच्या दंडावर पाय धुवायला बसलो होतो. उजव्या पोटरीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा खाली, तिला एक चट्टा होता. विड्याच्या पानाएवढा, बाकीच्या कातडीपेक्षा फिका. त्याच्यावर लव नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, उन्हानं झालंय. मी खेळ म्हणून बाभळीचा काटा घेतला आणि म्हणाले, "डोळे मिट, कुटं टोचलं सांग." तिनं मिटले. मी डाव्या पायाला टोचलं, ती "आई ग" म्हणाली. उजव्या हाताला टोचलं, तिनं बरोबर सांगितलं. मग मी त्या चट्ट्यावर टोचलं. ती डोळे मिटून हसत होती. "टोच की," ती म्हणाली, "थांबलीस का?" मी आणखी दाबला. रक्ताचा थेंब आला. ती अजून वाट बघत होती.

तिनं डोळे उघडले तेव्हा काटा माझ्या हातात होता आणि रक्त तिच्या पायावर.  गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे एक म्हातारा झोपडी करून राहायचा. त्याच्या हातांना बोटं नव्हती. लोक दगडावर भाकरी ठेवून दुरूनच हाक मारायचे. आम्ही लहानपणी त्याच्याकडे बघत धावत सुटायचो. त्याचं नाव आम्हाला दोघींनाही त्या वेळी घ्यावं लागलं नाही. अक्कानं रक्त पुसलं, माझा हात धरला आणि म्हणाली, "कुणाला सांगू नगंस. अव्वाला तर न्हायच न्हाय. दिवाळीनंतर पावणे यायचेत मला बघायला. शपथ घे." मी तिच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली.

इथवर माझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. मी तेरा-चौदा वर्षांची होते, मोठ्या बहिणीनं शपथ घातली होती. पुढचं मात्र माझं एकटीचं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर शाळेत एक गृहस्थ आले. खाकी पिशवी, पांढरा शर्ट, हसरा चेहरा. सरकारी दवाखान्याकडून तपासणीला आले होते. त्यांनी फळ्यावर चित्रांचा कागद टांगला. एका चित्रात पाठीवर, एकात हातावर आणि एकात पायावर फिका चट्टा होता. पायाचं ते चित्र मी अजूनही काढून दाखवू शकेन. ते म्हणाले, "याला घाबरायचं नाही बरं का मुलांनो. हा शाप नाही, पाप नाही. लवकर समजलं तर गोळ्यांनी पूर्ण बरं होतं. गोळ्या फुकट मिळतात. फक्त उशीर करायचा नाही, नाहीतर हातापायातली ताकद जाते. कुणाच्या अंगावर, कुणाच्या घरी असा चट्टा आहे का? टोचलं तरी कळत नाही असा?" मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला, त्याच्या भावाच्या गालावर डाग होता. सगळे हसले. ते गृहस्थ त्याला म्हणाले, शाब्बास. मग ते बाकांमधून चालत एकेकाचे हात-पाय बघत आले. माझ्यापाशी थांबले. माझे तळहात उलटसुलट केले. "घरी कोण कोण असतं?" मी सांगितलं. "कुणाला असं काही?" माझ्या शेजारची मुलगी माझ्याकडे बघत होती, का, ते मला आजही माहीत नाही, कदाचित उगाचच. मी म्हणाले, "न्हाय सर." त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि ते पुढे गेले.

त्या दिवशी परत येताना मी ठरवलं होतं की निदान अक्काला सांगायचं. गोळ्या आहेत. बरं होतं. ओढ्यापर्यंत मी वाक्य जुळवत आले. ती पुढे गुणगुणत होती. पाहुण्यांच्या घरी किती माणसं, मुलगा अक्कलकोटकडे कुठल्या कारखान्यात कामाला, हे ती मला चौथ्यांदा सांगत होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिचा आनंद मोडू नये म्हणून मिटलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी विचार करत होते की ही दवाखान्यात गेली की गावात कळणार, कळलं की क्लास बंद, आणि वार्षिक परीक्षा चार महिन्यांवर आली आहे. सहामाहीत माझा वर्गात पहिला नंबर आला होता.

हिवाळ्यात तिचा पाय वाजायला लागला. दुसरा कुठला शब्द सापडत नाही. चालताना उजवा पंजा वर उचलला जायचा नाही, आधी बोटं टेकायची आणि मग सगळा तळवा जमिनीवर आपटायचा. चपाक, चपाक. पंजा पायडलवरून घसरायचा, पुढच्या चाकाच्या गार्डला घासायचा. मग तिनं जुन्या ट्यूबची एक पट्टी कापली आणि निघताना ती पाय पायडलला बांधून घ्यायची. घर दिसेनासं झालं की थांबून बांधायची आणि गाव यायच्या आधी सोडायची. बांधताना मी सायकल धरायची. हुसेनचाचांनी एकदा ते बघितलं. टायरला हवा भरता भरता त्यांचा हात थांबला. "पाय बांधून सायकल चालवत न्हाईत बेटा," ते म्हणाले. "पडलीस तर सुटायची न्हाईस. डॉक्टरला दाखव. घरी सांग कुणाला तरी." अक्का हसली. म्हणाली, "घसरतोय चाचा, चप्पल गुळगुळीत हाय." चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी चाकाकडे बघत राहिले.

संक्रांतीनंतर पाहुणे आले. अव्वानं हुग्गी, आमच्याकडची खीर, केली होती, घरभर गुळाचा आणि गव्हाचा वास. अक्का चहाचा ट्रे घेऊन आली. पाय वाजू नये म्हणून तिनं काय केलं असेल, ते मला एकटीलाच दिसत होतं. ती गुडघा जरा वर उचलून, एकेक पाऊल मोजून टाकत आली. मुलाची आई अव्वाला म्हणाली, "किती सावकाश चालतीया. वळण चांगलं हाय पोरीला." त्या दिवशीच पसंती कळवली. लग्न उन्हाळ्यात ठरलं.

माझी परीक्षा संपली त्या दिवशी आम्ही दोघी घरी आलो. शेवटचा पेपर इतिहासाचा. मी उतरून आत गेले, दप्तर फेकलं. अक्कानं सायकल भिंतीला लावली आणि अंगण ओलांडून ती रांजणापाशी पाणी प्यायला गेली. अंगण सकाळीच शेणानं सारवलेलं होतं. अव्वा दारात तांदूळ निवडत बसली होती, तिनं वर बघितलं आणि सूप खाली ठेवलं. सायकलपासून रांजणापर्यंत एका पायाचे ठसे उमटले होते, ओले आणि लाल. पायडलचं रबर कधीतरी निघून गेलं होतं, आतल्या लोखंडाचं टोक वर आलं होतं, त्या पायात आता चप्पल टिकत नव्हती, आणि मंद्रूपपासून घरापर्यंत अक्का त्यावर अनवाणी पाय दाबत आली होती. तांब्या तोंडाला लावलेला तसाच ठेवून तिनं अव्वाच्या नजरेच्या दिशेनं मागे वळून बघितलं. ते ठसे बघितले. आणि तिनं विचारलं, "कुणाचं हाय ग रगत?"

अव्वा किंचाळली नाही. ती उठली, अक्काला खाली बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि तळव्यात शिरलेला लोखंडाचा तुकडा बोटांनी ओढून काढला. अक्का शांतपणे बघत होती. अव्वानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पायाकडे, मग परत चेहऱ्याकडे. तेव्हा ती रडायला लागली. ते ठसे दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवून घेतले, तरी त्या अंगणात मी नंतर कधी सरळ चालू शकले नाही. आजही गावी गेले की भिंतीकडेनं जाते. आमच्या फ्लॅटच्या जिन्यातून दुपारी कुणी सैल चपला घालून उतरलं, तर तो चपाक आवाज ऐकून माझ्या हातातलं काम थांबतं. सुनेला वाटतं, मी कुणाची तरी वाट बघतेय.

सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. आप्पा, अव्वा, अक्का, आणि मला घरी एकटीला ठेवायचं नाही म्हणून मी. डॉक्टर तरुण होते. त्यांनी अक्काला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाची वात पायावरून फिरवत विचारलं, "आता? आता?" ती दरवेळी थोडं थांबून "व्हय" म्हणायची. ती अंदाजानं म्हणत होती. कापूस लागलेला नसतानाही ती "व्हय" म्हणाली. डॉक्टरांनी हाताची घडी घातली. "चट्टा कधीपासून आहे?" अक्का म्हणाली, "ध्यानात न्हाय." डॉक्टर आप्पांना म्हणाले, "रोग गोळ्यांनी जाईल, त्याची खात्री देतो. घरात कुणालाही घाबरायचं कारण नाही. पण पायाची नस गेली आहे. चार-पाच महिन्यांपूर्वी आणलं असतं तर बहुतेक पाय वाचवता आला असता." आप्पा भिंतीला टेकले. अव्वा माझ्याकडे वळली. "तू तर रोज तिच्या मागं बसायचीस की ग. तुला कायबी दिसलं न्हाय?" मी म्हणाले, "न्हाय." अक्का पायाला गुंडाळलेल्या पट्टीकडे बघत होती. तिनं मान वर केली नाही.

सोयरीक मोडली. मुलाकडच्यांनी स्वतः येऊन सांगितलंही नाही, कुणाकरवी तरी निरोप धाडला. आणि ज्या गोष्टीसाठी मी गप्प राहिले होते ती माझ्या हातातून गेली नाही. उलट झालं. डॉक्टरांनी कितीही सांगितलं तरी आप्पांची भीती गेली नाही, आणि त्यांनी मला सोलापूरला मामांकडे ठेवलं. तिथे शाळा चालत पाच मिनिटांवर होती. मी शिकले, शिक्षिका झाले, लग्न झालं, जुळे सोलापुरात घर झालं. अक्काच्या आजारानं मला शहर दिलं. अक्कानं गोळ्यांचा पूर्ण कोर्स केला, ती बरी झाली. पाय तेवढा तसाच राहिला. दवाखान्यातून तिला गुडघ्याखाली बांधायचा पट्टा मिळाला, पंजा वर ओढून धरणारा. तिनं हातानं फिरवायची मशीन घेतली. गावातली निम्मी झंपरं तिच्या हातची आहेत. आप्पा-अव्वांचं शेवटचं सगळं तिनंच केलं. मी सुट्टीत जायची.

गेल्या वर्षी माझा पाय सायकलवर जास्तच जळायला लागला तेव्हा मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं, साखर बघितली, आणि हसून म्हणाले, "बूट लहान आहे बाई तुमचा, बाकी काही नाही." मी बाहेर आले, रिक्षाला हात केला आणि घरी जायच्या ऐवजी स्टँडवर गेले. मंद्रूपची गाडी लागलेलीच होती.

अक्का ओसरीवर मशीनपाशी बसली होती. चष्मा नाकावर, मांडीवर जांभळं कापड. मला बघून तिला आनंद झाला. मी पाणीही प्यायले नाही. उभ्या उभ्याच सुरू केलं आणि मग खाली बसून सगळं सांगितलं. शाळेत आलेले ते गृहस्थ, तो चित्रांचा कागद, त्यांनी सांगितलेल्या गोळ्या, मला विचारलेला प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर. त्या दिवशी ओढ्यापर्यंत जुळवलेलं वाक्य. परीक्षा. पहिला नंबर. तिनं चाक फिरवायचं थांबवलं होतं. मी थांबले तेव्हा तिनं चष्मा काढून कापडावर ठेवला.

"त्यो माणूस फुकट गोळ्या हायत म्हणला हुता?"

"व्हय."

"दिवाळीनंतर?"

"व्हय."

ती महिने मोजत असावी. तिचे ओठ हलत होते. मी म्हणाले, "अक्का, मला माफ कर." तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आमच्या वर्गात एखाद्या मुलाचं गणित सुटलेलं असतं आणि मग त्याला कळतं की त्यानं प्रश्नच चुकीचा उतरून घेतला होता, तेव्हा तो जसा बघतो, तसं.

"शपथ मीच घातलती, ते खरं हाय," ती म्हणाली. "त्याचं तुला मी कदी कायबी म्हणले न्हाय, आन् म्हणणार बी न्हाय. पर डॉक्टर म्हणला हुता न्हवं, आदी आणाय पायजे हुतं. तवापास्नं मी मनाला सांगत आले, कुणाला ठावं हुतं? मला न्हवतं, तुला न्हवतं, आपल्या गावात कुणालाच न्हवतं. म्हटलं, नशीब. त्येच्यावर मी इतकी वर्सं काडली, सुली." तिनं चष्म्याची एक काडी मिटली. "आता त्ये बी न्हाय म्हणायचं."

 मी आले होते ते माझं ओझं उतरवायला. ते उतरलं की नाही, हे बघायचंही मला सुचलं नाही. तिच्याकडून मी काय काढून घेतलं, ते मला समोर दिसत होतं.

"सांगाय नगं हुतंस तू," ती म्हणाली. मग भिंतीला हात लावून उठली, आत गेली. स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तिनं ताट आणून माझ्यापुढे ठेवलं, गरम भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. ती स्वतः जेवायला बसली नाही. परत मशीनपाशी जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. चाकावर हात ठेवला, पण फिरवलं नाही. मी भाकरी मोडली आणि खाऊ लागले. ताटात काही टाकून उठायची माझी छाती झाली नाही. भाकरी संपली.

"आनकी वाढू?" ती पाठमोरीच म्हणाली.

मला भूक नव्हती. "वाढ," मी म्हणाले.